आरव्हीचं कनेक्शन आणि बाबांचा टेस्टर

काही घरांत किस्से आठवून आठवून सांगावे लागतात. आमच्याकडे ते ड्राइव्हवेत येऊन उभे राहतात, चांगले पंचवीस फूट लांबीचे! आरव्ही घेतल्यापासून अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात कुणाकडेही जेवायला गेलं की ताट हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "काय गं, नवीन काय?" म्हटलं, एकदा सगळं ओळीनं सांगूनच टाकावं.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं! माझा नवरा मंदार आणि त्याचा मित्र सचिन यांनी ती भागीदारीत, सेकंडहँड घेतली. दोघंही गाड्यांच्या वायरिंगचे इंजिनिअर. आणि घेतली ती माझ्या सासऱ्यांसाठी.

बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. जन्मभर वायरमनची नोकरी केलेला माणूस. त्यांना अमेरिकेत एकच गोष्ट बघायची होती, लेक सुपीरिअर नावाचं अवाढव्य तळं.

"पलीकडचा काठ दिसत नाही म्हणता? मग ते तळं कसलं! समुद्र म्हणा ना."

"बाबा, पाणी गोडं आहे त्याचं."

"पाहिल्याशिवाय मी मानत नसतो!"

पण त्यांची पाठ दोन तासांच्या वर बसू देत नाही, आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. म्हणून पलंगासकट, फ्रिजसकट गाडी. बाबांचं परतीचं विमान जूनच्या शेवटच्या गुरुवारी. त्याच्या आत तळं बघून यायचं, एवढंच ठरलं होतं.

*

गाडी घरी आली तो दिवस! मंदार रिव्हर्स घेतोय, मागे सचिन, बाबा आणि मी, तिघंही हात हलवतोय. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

"थांब" म्हणायचं काम प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याचं आहे. धाडकन आवाज आला आणि शेजारच्या लिंडाचा मेलबॉक्स आडवा!

लिंडा दारात येऊन बघत होती. बाबा तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "आता येऊ नको देऊ."

माझी मुलगी रिया अकरा वर्षांची आहे. तिनं लगेच भाषांतर करून टाकलं, "ही सेज सॉरी!"

*

आरव्ही घरी उभी असली तरी तिला वीज लागते. बॅटरी चार्ज करायला, निघायच्या आधी फ्रिज गार करायला. आमच्या दोन तज्ज्ञांनी काय करावं? गॅरेजच्या सॉकेटमधून एक लांबलचक एक्स्टेन्शन कॉर्ड ओढली आणि एकमेकांना टाळी दिली.

सचिननं आरव्हीचा एसी लावला. ब्रेकर पडला. हे दोघं "नंतर बघू" म्हणून क्रिकेट बघायला गेले आणि विसरले. त्याच लाइनवर माझा गॅरेजमधला फ्रीझर होता!

दोन दिवसांनी झाकण उघडलं तर वर्षभराचा हापूसचा रस, गणपतीसाठी राखलेले मोदक, किसलेलं खोबरं, सगळं पाणी पाणी. मला रडूच आलं. नोव्हायमध्ये हापूस काय झाडाला लागतो?

रस होता तो एका संध्याकाळी संपवायचा म्हणून अर्ध्या गल्लीला जेवायला बोलावलं. लिंडा तीन वाट्या रस प्यायली आणि जाताना तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "परत कधी पडणार हा ब्रेकर?"

मी मात्र त्याच पंगतीत जाहीर करून टाकलं, "या गाडीला स्वतःचं वेगळं कनेक्शन, नाहीतर गाडीतच राहा दोघं!"

*

घरमालकानं स्वतः काम करायचं असेल तर इथे परमिट काढता येतं. मंदारनं नगरपालिकेत चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन करून नेलं. लोड कॅल्क्युलेशन, रंगीत ग्राफ, काय नि काय! काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सॉकेट घराच्या कुठल्या बाजूला बसवणार?"

मंदारनं मला फोन लावला. "अगं, आपली गाडी उजवीकडे उभी असते की डावीकडे?"

*

केबल जमिनीखालून न्यायची, म्हणजे चर खणायचा. त्याआधी गॅस-पाणीवाल्यांना फोन करावा लागतो. मग माणसं येतात आणि खाली जिथे गॅसच्या, पाण्याच्या लाइनी असतील, तिथे छोटे रंगीत झेंडे रोवून जातात.

आली, रोवून गेली. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर लॉनवर एकही झेंडा नाही! दाराशी मात्र पिवळे वेगळे, निळे वेगळे, रबर बँड लावलेले दोन गठ्ठे.

"पोरं कचरा करून गेली होती," बाबा म्हणाले. "मी सगळं गोळा केलं. चांगले आहेत, पंधरा ऑगस्टला कामी येतील."

मंदार डोकं धरून पायरीवर बसला. परत फोन, परत वाट बघणं, एक आठवडा गेला. नगरपालिकेचं इन्स्पेक्शन सरकत सरकत आलं शुक्रवारवर, आणि पुढच्याच गुरुवारी बाबांचं विमान! शुक्रवारी नापास झालो तर परत आठवडाभर वाट, म्हणजे तळं रद्द.

बाबांना कळलं. जेवताना एवढंच म्हणाले, "राहू दे रे. फोटोत पाहीन मी." मला इतकं वाईट वाटलं! मी त्यांच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

*

बाबांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असतात, पेन आणि टेस्टर. तोच आपला, पारदर्शक दांड्याचा, आत बारीक दिवा असलेला. आल्या दिवशी त्यांनी घरातली सगळी सॉकेट्स तपासली आणि टेस्टरचा मिणमिणता दिवा बघून विचारलं, "काऊन रे, लाइट एवढी मंद?"

"आजोबा, इट्स ओन्ली वन-ट्वेंटी व्होल्ट्स हिअर."

"म्हणजे आपल्या निम्मीच? मग एवढी मोठी अमेरिका चालते कशी!"

पण हल्ली त्यांचा हात थरथरतो. म्हणून मीच दम भरला होता, "बाबा, आरव्हीच्या वायरींना हात लावायचा नाही." ते लांब खुर्ची टाकून बसायचे, हाताची घडी घालून. मंदार-सचिन चर खणताना, पाइप टाकताना, ब्रेकर बसवताना ते नुसते बघत असायचे. एकदा काही सांगायला गेले तर सचिन म्हणाला, "काका, आम्ही रोज हेच करतो हो!"

आता रोज हे करतात ते गाड्यांचं, बारा व्होल्टचं. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं?

*

शुक्रवार उजाडला. इन्स्पेक्टर दोनला येणार होता. मंदारला धीर कुठला! "आत्ताच प्लग लावू, पास होईपर्यंत फ्रिज गार होईल. उद्या पहाटे निघायचं!"

मी नवीन सॉकेटच्या पेटीला हळदकुंकू लावलं. नारळ बाबांच्या हातात दिला, तेवढा तरी मान त्यांचा. बाबांनी नारळ खाली ठेवला आणि खिशातून टेस्टर काढला.

"बाबा!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

त्यांनी ऐकलंच नाही. उन्हाला हाताचा आडोसा करून एका भोकात टेस्टर घातला. दिवा लागला. शेजारच्या भोकात घातला. तिथेही लागला.

"मंदार, दोन्हीकडं लाइट येऊन राह्यली. एकात नाही पाहिजे, न्यूट्रल कुठं आहे?"

"बाबा, इकडे तसंच असतं."

"मग घरातल्या सॉकेटात काऊन नाही?"

सचिन समजावायला लागला, "काका, मोठी गाडी, जाड प्लग, म्हणजे दोनशे चाळीसच..."

बाबांनी प्लग उचलला, आरव्हीच्या पायरीवर बसले आणि तो मांडीवर घट्ट धरला. "मग येऊ दे त्या इन्स्पेक्टरला. तोवर मी उठत नाही!"

दोन तास! चहा तिथेच, पोहे तिथेच. पाठ दुखत होती, पण हलले नाहीत.

इन्स्पेक्टर आला. मीटर लावला, शीळ घातली. "या प्लगला एकशे वीस लागतात. तुम्ही दोनशे चाळीस दिलेत. लावला असतात तर फ्रिज, एसी, सगळं जळलं असतं. कोणाच्या लक्षात आलं?"

दोन इंजिनिअरांनी दोन दिशांना बघितलं. दिव्याखाली अंधार तो हाच! रियानं आजोबांकडे बोट दाखवलं. इन्स्पेक्टरनं तो टेस्टर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि बाबांशी हात मिळवला. मग पोहे खात थांबला, तोवर या दोघांनी खाली माना घालून ब्रेकर बदलला. बाबांनी परत टेस्टर लावला. एकीकडं दिवा, दुसरीकडं अंधार.

"आता लाव," ते म्हणाले, आणि नारळ फोडला. पास!

*

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. गाडी थांबली तशी रिया ओरडत सुटली, "आजोबा, कम फास्ट!" समोर झाडांमागे निळंच निळं, पलीकडचा काठ कुठेच नाही! मंदारनं कॅमेरा धरला होता, बाबांचा तो पहिला चेहरा टिपायला. माझे डोळे आधीच भरून आले होते.

बाबा उतरले. आधी पाठ सरळ केली. मग तळ्याकडे पाठ करून सरळ कॅम्पसाइटच्या विजेच्या खांबाशी गेले. टेस्टर. एकीकडं दिवा, दुसरीकडं नाही. मान डोलावली. मग शेजारच्या रिकाम्या जागेचा खांब. मग त्याच्या पलीकडचा.

खुर्चीत बसलेल्या एका अमेरिकन आजोबांनी रियाला विचारलं, "ते इथंच कामाला आहेत का?"

"ही इज द इन्स्पेक्टर," रिया म्हणाली.

ते आजोबा लगबगीनं उठले. "मग माझाही बघायला सांग ना!"

बाबांनी त्यांचाही बघितला. मग टेस्टर खिशात पेनाशेजारी नीट अडकवला, हात झटकले आणि म्हणाले, "हं, चला. आता दाखवा तुमचं तळं."