अठरा दिवस हयात

विश्वंभर मास्तरांनी एकतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात चार मुलं उरली होती, आणि मास्तर निवृत्त झाले तसा तो विषयही बंद पडला. मग ते अलिबागजवळच्या थळला आपल्या नारळ-सुपारीच्या वाडीत येऊन राहिले. शिंपणं, झावळ्या गोळा करणं, पेपर वाचणं. सोबतीला पत्नी गोदावरीबाई.

दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर तीन कोडी लिहीत. पहिलं खोटारड्याचं: ‘मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे’ असं कुणी म्हटलं, तर तो खरं बोलतोय की खोटं? दुसरं ढिगाचं: वाळूच्या ढिगातून एकेक कण काढत गेलं, तर ढीग नेमका कोणत्या कणाला ढीग राहत नाही? तिसरं परीक्षेचं. मास्तर सांगतात, पुढच्या आठवड्यात एक दिवस परीक्षा आहे, पण तो दिवस तुम्हाला आधी कळणार नाही. मुलं म्हणतात, शुक्रवारपर्यंत झाली नाही तर शनिवारी आहे हे कळेलच, म्हणजे शनिवार बाद. शनिवार बाद, तर त्याच न्यायाने शुक्रवारही बाद. असे सगळेच दिवस बाद होतात. मुलं निर्धास्त होतात, आणि मंगळवारी पेपर हातात पडतो. सगळे दचकतात.

मास्तर या तिन्हींची तुलना करत. पहिलं नुसतं शब्दांचं भांडण, दाराबाहेर पडलं की संपलं. दुसरं जरा कंटाळवाणं. तिसरं त्यांचं लाडकं, कारण त्यात वाट बघणाऱ्याचं मन होतं.

त्या वर्गांतला मास्तरांच्या लक्षात राहिलेला मुलगा हरेश्वर, थळच्याच कोळीवाड्यातला. वाद घालायला एक नंबर. बारावीनंतर बापाच्या होडीवर गेला, पण मास्तर थळला आल्यावर वाडीवरून जाताना हाक मारल्याशिवाय कधी गेला नाही. तोवर त्याचं लग्न झालं होतं, आणि त्याची बायको नीराबाई मासळीची पाटी घेऊन मास्तरांच्या दारी येऊ लागली.

सात वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरात हरेश्वर पहाटे एकटाच जाळं उचलायला गेला. दोन दिवसांनी होडी रेवदंड्याच्या बाजूला सापडली. जाळं आत, डबा आत, डब्यातली भाकरी तशीच. हरेश्वर नव्हता. शोधाशोध झाली, पोलिसात नोंद झाली. प्रेत काही मिळालं नाही.

नीराबाईने कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. कोळीवाड्यात कुणी बोललं, कुणी गप्प बसलं. गोदावरीबाई मात्र दर संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलवत, काही न विचारता.

यंदा सप्टेंबरात ती पाटीशिवाय आली. सोबत मुलगा धनेश. होडीच्या परवान्यावर अजून बापाचं नाव होतं आणि दरवेळी कचेरीत बापाची सही मागत. वकील म्हणाले होते, सात वर्षं ज्याची खबर नाही तो माणूस मेला असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. साक्षीला असा कुणी हवा, की हरेश्वर जिवंत असता तर त्याच्याकडे गेल्याशिवाय राहिला नसता.

“मग माझंच नाव घाल,” मास्तर म्हणाले.

“पन अजून अठरा दिवस हायेत,” धनेश म्हणाला. “सात वर्षं पुरी न्हाय झाली. वकील बोलले, तवर ते कायद्यानं जिवंत.”

नीराबाईने मान वर केली. “खरंच असं बोलले?”

“व्हय.”

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, “मास्तर, पैल्या वर्षी रोज वाटायचं, आज येतील. आले न्हाय. मंग मी ठरवलं, ज्या दिवशी वाट बघनार न्हाय त्याच दिवशी येनार. म्हनून वाट बघायचं सोडलं. पन सोडलं ते कशासाठी? आता येतील म्हनूनच ना? मंग ती पन वाटच झाली.”

परीक्षेचं जे कोडं समजवायला मास्तरांना दोन तास लागत, ते तिने पाच-सात वाक्यांत सांगितलं होतं, आणि त्यात गंमत कुठेच नव्हती.

ते अठरा दिवस नीराबाई बाजाराला गेली नाही. नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. हरेश्वरला आवडायचं तसं बोंबलाचं कालवण रोज रांधलं, त्याचं ताट वाढलं. धनेश चिडला, मग घाबरला, मग तोही त्या ताटाशेजारी मुकाट जेवू लागला. मास्तर संध्याकाळी किनाऱ्यावर जात तेव्हा ती ओट्यावर दिसे, केस विंचरलेली, चांगलं लुगडं नेसलेली. ढिगाचं कोडं कंटाळवाणं म्हणणाऱ्या आपल्या तोंडाची मास्तरांना लाज वाटली. सतराव्या दिवशी नवरा असलेली बाई अठरावा मावळला की नसलेली होणार, आणि मधल्या त्या दिवसात समुद्रात काहीसुद्धा घडणार नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन आली. “बोंबील हायेत,” एवढंच म्हणाली.

दावा लागायला चार महिने गेले. अलिबागच्या कोर्टात मास्तर साक्षीला उभे राहिले.

“सात वर्षांत त्यांचं पत्र, फोन, निरोप?” वकिलांनी विचारलं.

“नाही.”

“जिवंत असते तर तुम्हाला कळलं असतं?”

न कळणं म्हणजे नसणं नव्हे, हे मास्तरांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. समोर धनेश उभा होता.

“मला हाक मारल्याशिवाय तो कधी पुढे गेला नाही,” ते म्हणाले. लिहिणाऱ्याने तेवढं लिहून घेतलं.

हुकूम झाला. पुढे मृत्यूचा दाखला आला, तो घेऊन नीराबाई वाडीत आली. कपाळ मोकळं होतं. गोदावरीबाईंनी तिला आत घेतलं, चहा दिला.

“तारीख कुठली घातलीय?” तिने विचारलं.

मास्तरांनी वाचली. कोर्टाने हुकूम दिला त्या दिवसाची होती.

“तो मंगळवार व्हता,” ती हळू म्हणाली. “त्या दिवशी मी न् धनेश सकाळच्या गाडीनं कोर्टात गेलेलो. घरी कोनच नव्हतं.”

“नीरा, ती नुसती कागदावरची तारीख,” मास्तर म्हणाले.

“व्हय. पन दरवर्षी श्राद्ध कवा घालू? होडी गेली त्या दिवशी, का कागद बोलतो त्या दिवशी?”

मास्तरांनी दाखला पुन्हा वाचला. जन्मभर तुलना केली, पण या दोन दिवसांतला एक त्यांना निवडता येईना.

“दोन्ही दिवशी घाल,” आतून गोदावरीबाई म्हणाल्या.

नीराबाईने तसंच ठरवलं. दोन्ही दिवशी मास्तरांना जेवायला बोलावणं असतं. ते जातात.