मैदान ‘हो’ म्हणालं

अन्याय झाला तो गोळेवाल्या काकांवर. केव्हा, तेही सांगते: उन्हाळ्यातल्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, तलासरीच्या मैदानावर. वेळ इतकी पक्की ठाऊक आहे, कारण पाहुण्या वक्त्यांना सव्वाचारपर्यंतच बोलायचं होतं, ते आवरत नव्हते आणि मी सारखी मोबाईलमध्ये बघत होते. अन्याय कोणी केला, तर मैदानाने. आणि मैदानाला खूण कोणी केली, तर मी.

मी गंजाडची. पत्रकं लिहायला शिकले ती आदिवासी संघटनेच्या शिबिरात. तिथल्या ताईंनी सांगितलं होतं, "पहिल्या ओळीत कोणावर काय झालं आणि केव्हा, ते लिहायचं. शेवटच्या ओळीत लोकांनी काय करायचं, ते. मधलं कोणी वाचत नाही, पण लिहायचं." बारावीपासून लिहितेय. पाण्यावर लिहिलं, रेशनवर लिहिलं, शाळेत न येणाऱ्या मास्तरांवर तर दोनदा लिहिलं. माझी फुई, म्हणजे आत्या, तलासरीजवळच्या पाड्यावर राहते. कॉलेजला मी तिच्याकडेच होते. माझं प्रत्येक पत्रक ती जपून ठेवते आणि त्यात सुके बोंबील बांधते. "कागद चांगला असतो तुझा," म्हणते, "वास धरत नाही."

काका त्याच पाड्यावर यायचे. मूळचे उत्तरेकडचे. नेमके कुठले, ते पाड्यावर कोणालाच सांगता येत नाही, कारण ते आले तेव्हा मी जन्मले नव्हते आणि जे जन्मले होते त्यांनी विचारलं नाही. नाक्यामागच्या चाळीत एक खोली, तीनचाकी गाडी, गाडीवर बर्फ किसायचा रंधा आणि रंगीत बाटल्यांची रांग. हायवेवरच्या ट्रकवाल्यांशी गुजराती, तहसीलच्या लोकांशी मराठी आणि पाड्यावर आमची वारली बोली. माझ्यापेक्षा बरी बोलतात, कारण मी कॉलेजात जाऊन ती बिघडवून आणली. पाड्यावर लग्न असलं की हळदीच्या दिवशी गाडी मांडवाशेजारी उभी असणार आणि पहिला गोळा नवऱ्याच्या आईला. हा मान कधीपासून सुरू झाला कोण जाणे, पण फुईच्या मुलाच्या लग्नात तिने तो कालाखट्टा असा हातात धरला होता की फोटोत नवरा-नवरी मागे आणि गोळा पुढे.

आता माझ्या हाताबद्दल.

संघटनेच्या मोर्चांत घोषणा मी द्यायचे. ते बघून एका उमेदवाराच्या माणसांनी मला प्रचाराला बोलावलं. त्यांच्या जाहीरनाम्यात आमच्या पाण्याची योजना होती, म्हणून गेले. पहिल्याच सभेत फजिती झाली. वक्त्यांनी विचारलं, "पाणी पाहिजे की नाही?" अर्धे म्हणाले "हो", अर्धे म्हणाले "नाही", आणि मागचे एक आजोबा म्हणाले, "चहा पाहिजे." मग मी नियम केला. वक्ता थांबून माझ्याकडे बघेल. मी पत्रकाची गुंडाळी वर करीन. सगळ्यांनी ओरडायचं, "होऽऽ!" प्रश्न कोणताही असो, उत्तर एकच. गंजाडहून येताना टेम्पोत तालीम घेतली. "रस्ता पाहिजे की नाही?" होऽऽ! "दवाखाना पाहिजे की नाही?" होऽऽ! "ड्रायव्हरला डोळा लागलाय की नाही?" होऽऽ! ड्रायव्हर दचकला. मला फार अभिमान वाटला. एवढी शिस्तीची माणसं अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे नव्हती.

त्या रविवारी ऊन असं होतं की मंडपाचं कापड वास मारायला लागलं होतं. मैदानाच्या कडेला काकांची गाडी. निम्म्या मैदानाच्या हातात त्यांचा गोळा. कालाखट्टा सगळ्यात आधी संपत आला, त्यामुळे पुढच्या चार रांगांच्या जिभा काळ्या झालेल्या मला स्टेजजवळून दिसत होत्या. वक्ते शहरातून आले होते, इस्त्री केलेला कुर्ता, मानेवर टॉवेल. पाण्यावर बोलले, लोक गोळा चोखत राहिले. किनाऱ्यावर होऊ घातलेल्या बंदरावर बोलले, तरी तेच. मग त्यांनी आवाज चढवला.

"ही बाहेरून आलेली माणसं! काळी, घाणेरडी, अंगाला वास मारणारी! जंगलातून उठून यावं तशी येतात आणि तुमच्या उरावर बसतात!"

फुई पहिल्या रांगेत होती. मला हाताने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "अगं, हा आपल्यालाच शिव्या घालतोय का?"

"नाही गं फुई. बाहेरच्यांना."

"मग काळे, जंगलातले असं काय म्हणतो? तहसीलचा शिपाई आपल्याला हेच म्हणतो की."

मी "शू" म्हणून परत स्टेजजवळ गेले. तोवर वक्ते हायवेकडे बोट करून म्हणाले, "ह्यांना इथून घालवायचं की नाही?" आणि थांबले. आणि माझ्याकडे बघितलं.

माझा हात वर गेला. विचार करून नाही, पण दुसऱ्या कोणी धरून वर केला असंही नाही. मैदान म्हणालं, "होऽऽ!" टेम्पोतल्या तालमीपेक्षा चांगलं म्हणालं. वक्त्यांना चव लागली. पुन्हा विचारलं. पुन्हा हात, पुन्हा "हो". तिसऱ्या वेळेला माझ्या हाताची गरजच उरली नव्हती.

काकांचा रंधा पहिल्या "हो"ला थांबला होता. मग त्यांनी समोरच्या माणसाचा गोळा पुरा केला, काडी खोचली, हातात दिला. तो माणूस फुईच्याच पाड्यावरचा. म्हणाला, "ऐकलंस ना भय्या? जायच्या आधी अजून एक खस दे." आजूबाजूचे हसले. दुसरा म्हणाला, "बर्फाच्या पेटीत बसून जा, गावापर्यंत थंड राहशील." अजून हसले. कोणीतरी गुलाबाची बाटली उचलली आणि काकांच्या डोक्यावर उपडी केली. होळीला करतात तशी. लाल पाणी कपाळावरून शर्टात उतरलं. काका एकदम असे दिसले की पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने भोकाड पसरलं आणि मैदान हसायला लागलं. मीही हसले. पत्रकात हे लिहिलं नसतं, इथे लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फुईच्या अंगणात गाडी ढकलत आले. शर्ट धुतलेला होता, पण कॉलर गुलाबी राहिली होती.

"वहिनी, गाडी चिंचेखाली ठेवू का काही दिवस?" ते फुईला म्हणाले. "खोलीवाले म्हणतात, मतदान झालं की खोली सोडा."

"का? भाडं थकलं?"

"भाडं कुठे थकतं? म्हणतात, कालच्या मैदानाने सांगितलं, मी एकटा काय करू."

मी ओट्यावर होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"बाय, तुझा हात दिसला मला," ते म्हणाले. "मला वाटलं, पाण्याचं काहीतरी चाललंय. म्हणून मीही ‘हो’ म्हणालो पहिल्यांदा."

मी म्हटलं, "काका, चुकले मी." एवढंच म्हणता आलं. जी मुलगी मास्तरांवर दोन पानं लिहिते तिला तीन शब्दांच्या पुढे जाता आलं नाही. फुईने ते बरोबर पकडलं. "आता का गप्प? लिही की पत्रक."

लिहिलं. जळजळीत लिहिलं. मंगळवारी संध्याकाळी फुईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. खोलीवाल्याला चष्मा नाही. आणि बोंबील संपलेत. चल, उठ."

मग आम्ही गेलो. फुई, मी आणि पाड्यावरचे नऊ जण. सगळे त्या दिवशी मैदानात होते, सगळ्यांच्या जिभा काळ्या होत्या. काका नको म्हणत मागून आले. खोलीमालक चाळीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. भला माणूस. दर उन्हाळ्यात संध्याकाळी नातवाच्या नावाने स्वतःसाठी ऑरेंज गोळा नेणारा. आम्हाला बघून उठले आणि त्यांची नजर आधी खिडकीच्या काचांवर गेली. तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत.

मी पुढे झाले. हातात पत्रकाची गुंडाळी होती. आवाज लावला आणि सवयीने विचारलं, "बोला! आपल्या काकांना इथून घालवायचं की नाही?"

आणि हात वर गेला.

"होऽऽ!" आमचे नऊ जण म्हणाले. एका सुरात.

खोलीमालक म्हणाले, "बघा. मी काय म्हणत होतो?"

 मग मागून खीखी असा आवाज आला. काका हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाय," ते म्हणाले, "पक्की शिकवलीस हां तू माणसं." नऊ जण एकमेकांकडे बघायला लागले. एकाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, जणू ते तोंड शेजाऱ्याचं होतं.

फुईने माझ्या हातातली गुंडाळी काढून घेतली. "हात खाली. आणि ओरडायचं नाही. मी विचारते, एकेकाला." आणि तिने खरंच एकेकाला हाताला धरून खोलीमालकांसमोर उभं केलं. "तू सांग. ह्याला घालवायचा?"

पहिला होता तो खसवाला. तोच. मान खाली घालून म्हणाला, "नाही गं काकी. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनीच तर..." दुसरा म्हणाला, "नाही." तिसरी म्हणाली, "कशाला? जाऊन कुठे जातील?" एकजण म्हणाला, "मी त्या दिवशी काय विचारलं ते ऐकलंच नाही, गोळा वितळत होता." नऊच्या नऊ. एकालाही त्यांना घालवायचं नव्हतं. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं, पण संताप आला. मग परवा कोण ओरडलं? टेम्पो?

खोलीमालकांनी सगळं ऐकून घेतलं. "मलाही नाही घालवायचं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत भांडण नाही, तंटा नाही. पण तुम्ही अकरा. तिकडे मैदान होतं. उद्या मैदान माझ्या दारात आलं तर हे अकरा काय करणार? मैदानातल्या बाकीच्यांनी येऊन असंच सांगावं. माझ्या तोंडावर, एकेकट्याने. पावसाळा संपेपर्यंत थांबतो. नाही आले तर मग मला बोल लावू नका."

"लिहून घ्या," फुई म्हणाली आणि माझं पत्रक त्यांच्यासमोर उलटं ठेवलं. मागची बाजू कोरी होती. आम्हा अकरांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठा उठवला, तिसऱ्या सहीला माझं बॉलपेन संपलं. म्हणून पुढच्या सगळ्या सह्या खोलीमालकांच्या लाल पेनने आहेत. शेवटची माझी. काकांनी विचारलं, "मीही करू का? पहिला ‘हो’ माझाही होता." फुईने त्यांना दटावून बाजूला केलं.

आता पावसाळा चालू आहे. गाडी चिंचेखाली ताडपत्री घालून उभी आहे आणि काका कोणाच्या शेतावर लावणीला जातात. मी गंजाडला टेम्पोतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. बरेच जण येऊन सांगून गेले. बरेच म्हणाले, "एकट्याने कशाला, पुढच्या सभेला सगळे मिळून सांगू ना." त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. वक्त्यांचा फोन आला होता. पुढच्या निवडणुकीला माझ्यासारखी मुलगी हवी म्हणाले. मी विचारलं, तलासरीला येऊन एका खोलीमालकाशी दोन मिनिटं बोलाल का? त्यांच्याकडे रेंज गेली.

कागदाची मागची बाजू निम्मी भरली आहे. खोलीमालकांनी तो दाराच्या आत, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलाय. लाल पेन दोरीला बांधून ठेवलंय.

तर आता तुम्ही. त्या रविवारी तुम्ही मैदानात होतात, मला पुढच्या चार रांगा स्टेजजवळून दिसत होत्या. आणि मागे उभे होतात तरी आवाज सगळीकडून आला होता. पाऊस थांबायच्या आत नाक्यामागच्या चाळीत या. टेम्पो पाठवणार नाही, स्वतः या, एकटे या. मी तिथे हात वर करणार नाही. खोलीमालकांच्या समोर उभे राहा आणि ते विचारतील त्याचं उत्तर स्वतःच्या तोंडाने द्या. तुम्ही तलासरीचे नसाल, तर तुमच्याही मैदानाच्या कडेला गाडी लावून कोणीतरी उभं होतं. त्याची खोली शोधा, त्याच्या मालकाचं दार वाजवा आणि तुम्ही "हो" म्हणाला होतात, ते परत घ्या.