ओट्यावरचा उजेड

पाथरीतल्या निम्म्या घरांची वायरिंग करणारा हा मिस्त्री मला तोंडभरून 'ताई' म्हणतो, पण विचारायचं ते आमच्या ह्यांनाच विचारतो. हात त्याचा साफ, एक स्क्रू वाकडा बसत नाही. बैठकीत त्यानं सहा दिवे लावले, टीव्हीमागं निळी पट्टीसुद्धा. स्वयंपाकघरात मात्र एकच, तोही दारावर, माझ्या पाठीमागं. ओट्याशी उभी राहिले की माझीच सावली परातीत पडते. ओट्यावर दिवा लावा म्हटलं की तो कानामागची पेन्सिल काढतो आणि पुन्हा तिथंच खोचतो. "सैपाकाला कितीक उजेड लागतो, ताई? लय हाय तेवढा."

काल तो ओट्याजवळ मिक्सरचं बटण बसवत होता. पिठाच्या हातांनीच मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले.

"ताई, सरका की! उजेड अडवायलाव तुमी."

"माझ्या भाकरीला उजेड लय हाय, मग तुमच्या स्क्रूला का पुरंना?"

त्यानं मोबाइलची बॅटरी लावली, मोबाइल दातांत धरला आणि काम संपवलं. निघताना मलाच म्हणतो, "ताई, तुमीबी असंच करत जा की."

माझे हात पिठात होते, म्हणून वाचला.