आधी हात वर करा

कोथरूडच्या आमच्या रॅकेटवाल्यांना गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमतच नाही हो. रॅकेटची जाळी विणता विणता, मान खाली घालूनच बोलतात. सोसायटीतल्या बायकांबरोबर बॅडमिंटन खेळायला म्हणून मी मध्यम किमतीतली रॅकेट मागितली.

"काकू, आधी हात वर करा."

रॅकेट देण्याआधी खांदा बघायला सगळ्यांनाच करायला लावतात. माझा हात कानाशीच अडकला. तरी हसत म्हटलं, "हलकीतली द्या!"

"एकही देणार नाही. कधीपासून दुखतोय?"

"तीन महिने झाले."

डॉक्टर ऑपरेशन सांगतील या धास्तीनं मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. रॅकेटवाल्यांनी हातातली रॅकेट बाजूला ठेवून फोन उचलला. "घरचा नंबर सांगा."

मी लेकीचा नंबर सांगितला.