रिपीटचा कौल

नातीला नीटमध्ये डॉक्टरकीपुरते मार्क पडले नाहीत. फिजिओथेरपीला मात्र नंबर लागला. ती जागा घ्यायची, की सोडून देऊन वर्षभर रिपीट करायचं, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून कळवायचं होतं. सुनेचं म्हणणं, रिपीट कर. मुलगा चाकणला कंपनीत. तो फोनवर तुम्हीच ठरवा म्हणाला आणि सुटला. आणि पोर दोन घास गिळले की बेसिनकडे धावत होती.

खरं काय ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. पेपरात तिचे हात गार पडले. येत असलेल्या उत्तराचा गोलही काळा करता येईना. पुढच्या मुलीची वेणी तेवढी दिसत राहिली.

"आज्जी, परत तिथं बसले आणि परत तसंच झालं तर?"

मी तिचा हात धरला. तो अजूनही गारच होता.

दुपारी तीच म्हणाली, देवीला कौल लावू. आमचं गावठाणातलं देऊळ आता दोन इमारतींच्या फटीत उभं आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

मॅट्रिकला गणितात आपटल्यावर वडिलांनी मलाही इथंच आणलं होतं. ऑक्टोबरला परत बसू का, असा प्रश्न. उजवी पडली. मी म्हटलं, वारा आला. परत लावली, परत उजवी. तिसऱ्यांदा ही शहाणी, म्हणजे मीच, पुढं वाकून डाव्या पाकळीवर हळूच फुंकर मारायला लागली, ते नेमकं गुरवबाबांनी पाहिलं. दोन वेण्या, नाकात शेंबूड, आणि निघाली होती देवीला फसवायला. जन्मात एवढी भित्री मुलगी मी दुसरी पाहिली नाही. नातीला हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण तोंडापुरतीच.

देवळात कोणी नव्हतं. हल्लीचा गुरवही कंपनीत जातो, त्याची पहिली शिफ्ट होती. तेव्हा पाकळ्या नातीनंच लावल्या. उजवी लावली, अंगठ्यानं दाबली. डावी लावली, तीही दाबली. मग परत उजवी. देवीला इंजेक्शन देतेय की काय, असं वाटावं इतकी दाबली. आम्ही बसलो. समोर रिक्षा थांबली, निघून गेली. पाकळ्या सुकत आल्या, तरी एक हलेना.

"कंची पडाया पायजे व्हती तुला?" मी विचारलं.

"कुठलीच नको," ती म्हणाली आणि रडायला लागली. उजवी पडली तर परत त्या बाकावर बसायचं, डावी पडली तर जन्मभर आपण पळालो असं वाटत राहणार. पळ म्हणावं तर ती उद्या मलाच जाब विचारेल, बस म्हणावं तर हे असे हात. मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग तिनं नाक पुसलं. "मला नाही परत बसायचं. देवीचं राहू दे. मीच सांगते."

"आईला कोन सांगनार?"

"तू."

"मी न्हाई बाई."

लिफ्ट सोडून जिन्यानं चढलो, तेवढीच मिनिटं लांबली. सुनेनं दार उघडलं. मी मागं, नातीच्या ओढणीच्या आडोशाला.

"आई, मी रिपीट करणार नाही."

सुनेनं विचारलं, "भीती वाटते म्हणून?"

मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल पोर. फिजिओथेरपीला मागणी आहे वगैरे.

"हो," ती म्हणाली.

घरात मिक्सर चालू राहिला होता. सून आत गेली, तो बंद केला, मोबाइल घेऊन आली आणि पोरीच्या हातात दिला. "मग तूच दाब," म्हणाली. आवाज चिरकला होता तिचा. मला तेव्हा कळलं, इतके दिवस या घरात घाबरलेल्या आम्ही दोघीच नव्हतो.

पोरीनं अंगठा जागा घेण्याच्या बटणावर नेला. सून आणि मी दोन बाजूंनी पाहत होतो. कोणी तिचा हात धरला नाही. मग तिनं दाबलं.