गुण स्वतःचे, कॉलेज दुसऱ्याचं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता मला गुन्हा रजिस्टरच्या नंबरानेच आठवतात. हे एक मात्र माणसांसकट लक्षात राहिलं आहे. त्यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं, वर्तमानपत्रातही त्याला एका कोपऱ्यापलीकडे जागा मिळाली नाही. तरी कोणी तपासाच्या गोष्टी काढल्या, की माझ्या तोंडी पहिली हीच येते.

तेव्हा मी महाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले असायचे. कारखान्यातून तांब्याची वायर जायची, बिरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत भांडणं व्हायची, महामार्गावर अपघात घडायचे. एका सकाळी हजेरी आटोपून मी गस्तीचा अहवाल बघत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. फोनवर बाईचा आवाज होता. तिने एका कंपनीचं आणि तिथल्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाचं नाव सांगितलं. "त्याची डिग्री खोटी हाय. त्या कॉलेजात तो कधी गेलेलाच नाय. चौकशी करा," एवढं म्हणाली. नाव विचारताच तिने फोन ठेवला.

निनावी फोन बहुतेक वेळा आकसातून येतात. पण आकस धरणाऱ्याची माहिती बरेचदा पक्की असते, हा माझा अनुभव. नुसत्या फोनवर गुन्हा दाखल होत नाही. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि कंपनीला कळवलं. कंपनीचे मनुष्यबळ व्यवस्थापक जातीने ठाण्यात आले. पुण्याकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी त्या तरुणाचं पदवी प्रमाणपत्र पडताळणीसाठी विद्यापीठाकडे पाठवलं. असा आसन क्रमांक आम्ही दिलेलाच नाही, असं उत्तर आलं. व्यवस्थापकांनी फिर्याद दिली आणि बनावट दस्तऐवज वापरून फसवणूक केल्याचा गुन्हा दाखल झाला.

तो तरुण पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर असलेल्या एका वाडीतला. घरी म्हशी, शेळ्या आणि थोडी नाचणी. नोकरीसाठी बिरवाडीत खोली घेऊन राहत होता. नोटीस मिळाल्यावर तो सांगितलेल्या वेळी हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ते काढून ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"ही पदवी खोटी आहे?" मी विचारलं.

"हो साहेब."

"तुझं शिक्षण किती?"

"बारावी."

"हे प्रमाणपत्र कोणी बनवून दिलं?"

तो गप्प झाला. पुन्हा विचारलं, तरी गप्प.

अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. केली तर का केली ते लेखी द्यावं लागतं. पण असे कागद छापणारा माणूस मोकळा फिरत होता आणि त्याचं नाव ठाऊक असलेला हा तोंड उघडत नव्हता. मी अटक केली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारण बघून काही दिवसांची पोलीस कोठडी दिली.

माझ्या हाताखाली वरंधकडचे एक जुने हवालदार होते. आरोपीशी गप्पा माराव्यात त्यांनीच. त्यांनी त्याच्याशी म्हशींच्या दुधापासून वाडीच्या रस्त्यापर्यंत सगळं बोलून घेतलं. तो मोकळेपणी बोलायचा. कारखान्यातलं काम, भाड्याची खोली, आईचे गुडघे, काहीही. प्रमाणपत्र बनवणाऱ्याचा विषय निघाला की मात्र खालमानेने बसून राहायचा. घाबरलेला माणूस उलटसुलट बोलतो. काही राखून ठेवणारा माणूस दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो. हा थांबत होता.

हवालदार बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेब, तो एजंटला वाचवत नाय. त्याचं दुसरंच काय तरी हाय."

मधल्या काळात स्थानिक पेपरात बातमी आली, 'बारावी पास तरुणाची बोगस पदवीवर नोकरी'. दुसऱ्या दिवशी एक बाई ठाण्यात आली. तिशीच्या आतबाहेरची, साधी, पायात घाईघाईत घातलेल्या चपला. साहेबांनाच भेटायचंय म्हणून अडून बसली. मी महिला शिपायाला बोलावून घेतलं आणि बाईंना खुर्ची दिली.

"तो फोन मीच केलेला," ती म्हणाली. "पण पेपरात बारावी लिहिलंय ते खरं नाय. तो बीकॉम झालाय. माझ्याबरोबरच."

"फोनवर तर तुम्ही म्हणालात, तो कॉलेजात गेलाच नाही."

"त्या कॉलेजात नायच गेला. आम्ही कुणीच नाय गेलो. आम्ही मुक्त विद्यापीठातून केलं. महाडच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी तास असायचे. तो डोंगर उतरून यायचा, मागच्या बाकावर बसायचा. परीक्षा पण एकत्रच दिल्या."

मग तिने सगळं सांगितलं. तिचं सासर बिरवाडीचं, नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार. पदवी मिळाल्यावर तिने त्याच कंपनीत अर्ज केला होता. खिडकीवरच्या माणसाने प्रमाणपत्र बघितलं आणि म्हणाला, रेग्युलर पाहिजे, हे चालत नाही. अर्ज तिथूनच परत आला. काही दिवसांनी बाजारात तो भेटला. त्याला तिथेच नोकरी लागलेली ऐकून तिने विचारलं, तुला कसं घेतलं? त्याने खरं ते सांगून टाकलं. वर म्हणाला, तूही करून घे, माणूस मी सांगतो.

"म्हणजे त्याने तुमच्या भल्यासाठीच सांगितलं," मी म्हटलं.

"हो. आणि मी फोन केला," ती म्हणाली. "राग आलेला साहेब. कुणाचा आलेला ते मला पण नीट सांगता यायचं नाय. नाव तेवढं त्याचंच ठाऊक होतं."

तिचा जबाब घेऊन मी तिला घरी पाठवलं आणि त्याला समोर बसवलं. ती येऊन गेल्याचं सांगितलं नाही.

"रविवारी महाडला तासाला कोणत्या बाकावर बसायचास?"

त्याने एकदम वर बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ती पण जप्त करणार?"

"काय?"

"खरी डिग्री."

त्याच्या गप्प बसण्याचं कारण एवढंच होतं. एजंटने बनावट प्रमाणपत्र तयार करायला त्याच्या खऱ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घेतली होती. एजंट सापडला की ती झेरॉक्स सापडणार, मग पोलीस मुक्त विद्यापीठाला कळवणार आणि विद्यापीठ त्याची पदवी रद्द करणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणून तो स्वतःला बारावी पास म्हणवून घ्यायला तयार झाला होता.

"नोकरी गेली ते समजलं मला," तो म्हणाला. "पण माझ्याकडं खरी अशी ती एकच वस्तू हाय. मार्क माझेच ठेवायला सांगितले साहेब. एक पण वाढवला नाय. फक्त कॉलेजचं नाव बदललं."

"खरीच पदवी घेऊन अर्ज का नाही केलास?"

"केले की. सगळ्या वसाहतीत केले. कुठं मुलाखतीला पण बोलावलं नाय. एका ठिकाणी तर विचारलं, ही डिग्री पोस्टानं येते काय?"

मी त्याला कायदा समजावून सांगितला. गुन्हा आहे तो दुसऱ्या कागदाचा. खरी पदवी त्याने कमावली आहे, ती कोणी काढून घेणार नाही. तपासासाठी फार तर तिची प्रत लागेल. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मग एका बैठकीत सगळं सांगून मोकळा झाला. पुढचं काम सोपं होतं. पनवेलकडे करिअर मार्गदर्शनाचा फलक लावून बसलेला एजंट आम्ही पकडला. लॅपटॉप, रबरी शिक्के आणि अर्धवट छापलेली प्रमाणपत्रं पंचांसमक्ष जप्त केली. त्या तरुणाची पदवी खरी असल्याचं मुक्त विद्यापीठाचं लेखी उत्तरही आलं.

तपास तिथे संपला असता. पण व्यवस्थापकांचा पुरवणी जबाब घ्यायचा होता, म्हणून मी कंपनीत गेलो. लिहून झाल्यावर मी सहज विचारलं, "त्याने खरी पदवी जोडली असती तर घेतलं असतं का?"

"खोटं कशाला बोलू साहेब? त्याचा अर्ज माझ्या टेबलापर्यंत आलाच नसता."

"का?"

"एका जागेला अर्जांचा ढीग पडतो. तो कुठेतरी कमी करावा लागतो." ते शांतपणे सांगत होते. "कोण रविवारी तासाला बसून शिकला आणि कोणी मोबाईलवरची जाहिरात बघून घरबसल्या पदवी घेतली, हे मला प्रमाणपत्रावरून कसं कळणार? एकदा ऑनलाइन शिकलेला मुलगा घेतला होता. त्याला साधी बिलं जुळवता येईनात. वरून बोलणी मला खावी लागली. कॉलेजातला मुलगा निदान वर्गात बसलाय, एवढी तरी खात्री असते."

"माझ्या ठाण्यातले शिपाई मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन खात्याच्या फौजदार परीक्षेला बसतात. सरकारला ती चालते."

"तुमच्याकडे परीक्षा आहे. आमच्याकडे नुसता कागद आहे."

पुढे ते म्हणाले, "आता मुख्य कार्यालयाचं असं चाललंय, की या प्रकारानंतर मुक्त किंवा ऑनलाइनवाल्यांचे अर्ज स्वीकारायचेच नाहीत."

"साहेब, जरा विचार करा," मी म्हटलं. "तुम्हाला फसवलं ते रेग्युलर कॉलेजच्या नावाने. ते नाव बघून तुम्ही त्याला आत घेतलंत. मुक्त विद्यापीठाची त्याची पदवी तर खरी निघाली."

ते काही वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "हे वर लिहून बघतो," म्हणाले. "आश्वासन देत नाही."

त्यांनी लिहिलं असावं. काही महिन्यांनी कंपनीने स्टोअरच्या जागेसाठी लेखी परीक्षा ठेवली आणि कुठल्याही पदवीधराला बसू दिलं. ती बाई मला सांगायला ठाण्यात आली. चेहऱ्यावर आनंद असा नव्हता.

"पास झाले साहेब. बिलं जुळवायला दिली, एक पत्र लिहायला दिलं. मग मुलाखतीत विचारलं, रेग्युलर का नाय केलं? म्हटलं, घरचं सगळं करून रोज कॉलेजात कशी जाणार? रविवार तेवढा माझा होता." मग म्हणाली, "जागा त्याचीच हाय. त्याच टेबलाला बसायचं."

"जाणार ना?"

"जाणार. पण आधी त्याच्या घरी जाऊन आले. फोन मी केलेला म्हणून सांगितलं."

तो जामिनावर सुटून वाडीत राहत होता. "काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मला वाटलंच होतं. मग आईला म्हणाला, हिला चहा दे."

खटला उभा राहिला तोवर माझी बदली झाली होती. साक्षीसाठी म्हणून महाडला गेलो, पण साक्षीची वेळच आली नाही. त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा आणि वय बघून न्यायालयाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. एजंटाचा खटला वेगळा चालू राहिला. त्या तरुणाचा तुरुंग टळला, पण कंपन्यांचे दरवाजे त्याला बंद झाले ते झालेच. पोलादपुरात दोन-तीन दुकानदारांचे हिशेब लिहायचं काम त्याने धरलं होतं.

मी न्यायालयाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा एक म्हातारा आडवा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्या तरुणाचा बाप. मुलगा मागे वकिलाशी बोलत होता.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा की बाबा."

"पेपरात बारावी आलेलं. वाडीतली माणसं म्हणतात, दर रविवारी महाडला जायचा तो उंडारायला जायचा. आज कोर्टानं पण खोटी डिग्री म्हटलं. मला काय कळत नाय. माझा पोर शिकलेला हाय का नाय?"

"शिकलेला आहे," मी म्हटलं. "बीकॉम आहे. परीक्षा देऊन पास झालाय. खोटं बोलला ते कॉलेजच्या नावाबद्दल, शिकण्याबद्दल नाही."

त्याने मान हलवली. तरी जागचा हलेना. "मग वाडीत येऊन तसं सांगाल काय? माझं कुणी ऐकायचं नाय."

हे काम पोलीस नियमावलीत कुठे बसत नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी साध्या कपड्यांत उमरठहून चढण चढलो. वाडीतली माणसं गोठ्यासमोरच्या अंगणात जमली. मी त्यांना सांगितलं, की या मुलाने एक खोटा कागद वापरला, तो गुन्हा होता आणि त्याची किंमत त्याने मोजली आहे. पण तो रविवारी तासालाच जात होता आणि त्याची पदवी खरी आहे. एका म्हातारीने पुढे होऊन बापाशेजारी उभ्या असलेल्या त्या तरुणाला विचारलं, "मंग माझ्या नातवाला शिकिवशील काय रं?" तो हो म्हणाला.

आयुष्यभर मी खोटं शोधत आलो. खोटं सापडलं, दोषारोपपत्र गेलं, की आमची जबाबदारी संपते. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की माणसाचं एक खोटं पकडलं म्हणून त्याचं बाकी सगळं खोटं ठरत नाही, आणि त्याचं जे खरं आहे तेही आपणच चार माणसांत सांगायला हवं.