कपाटाचा मान

गेल्या महिन्यात सुनेने स्वयंपाकघरातले कप्पे सुताराकडून नव्याने करून घेतले. काम सुबक झालं. सुतार हात धुवायला गेला तेवढ्यात ती माझ्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ठरलेले पैसे दिलेत. वर काही द्यावं का? की त्याला राग येईल?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. उत्तर सुचेनासं झालं की मी चष्मा पुसतो. वर्गातही पुसायचो, आणि मुलांना ते केव्हाच कळलेलं होतं. या प्रश्नापायी माझ्याइतकं सोसलेला माणूस नव्या मुंबईत दुसरा नसेल. तरीही सुनेने तो मला विचारला, कारण जिला विचारायचा ती तिची सासू गेल्या मार्गशीर्षात गेली. ती असती तर हा प्रश्न माझ्या खोलीपर्यंत आलाच नसता.

"दे," मी म्हणालो, "पण सगळ्यांसमोर दे. मोठ्याने बोलून दे."

सुनेने माझ्याकडे काळजीने पाहिलं. हल्ली घरातले सगळे माझ्याकडे तसंच पाहतात. तिला तेव्हा कारण सांगता आलं नाही. सुतार निघून गेला, सून कामाला लागली, आणि मी कागद घेऊन बसलो. आता सावकाश लिहितो आहे. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

साठ साल उजाडायच्या सुमाराची गोष्ट. तुर्भ्याच्या अलीकडे खाडीकाठी एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. गाव माझ्या बायकोच्या माहेरचं. आमची जात तीच, खाडीची. पण माझ्या वडिलांनी तरुणपणीच जाळं सोडून पनवेलला कारकुनी धरली होती. आमच्या घरात होडी नव्हती, वल्हं नव्हतं, मासे बाजारातून यायचे. मी मुंबईला राहून शिक्षकाची परीक्षा दिली आणि पुस्तकांच्या ट्रंका घेऊन सासुरवाडीच्या गावात राहायला आलो. गावाने मला प्रेमाने सांभाळून घेतलं. पोहता न येणाऱ्या माणसाला खाडीकाठची माणसं सांभाळतात, तसं.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशी चढली. मी ती उन्हात घालायचो, ऊन पळायचं, मी पुस्तकं घेऊन घरात पळायचो. शेजारणींची करमणूक व्हायची. शेवटी ठरवलं, बंद दारांचं चांगलं कपाट करून घ्यायचं. पण गावात सुतार एकच, आणि तो होड्या बांधणारा. बायको त्याला काका म्हणायची. मोठा बोलका, गर्विष्ठ माणूस. आपण बांधलेल्या होड्यांची नावं तो नातवंडांसारखी घ्यायचा, आणि दुसऱ्याने बांधलेली होडी दिसली की तोंड फिरवून थुंकायचा. त्याच पावसाळ्यात माझ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या भावाची, होडी त्याच्या मांडवात उभी राहत होती. जुनी होडी फुटली होती. नारळी पुनवेला नवी पाण्यात गेली तर मेहुण्याचा हंगाम साधणार होता, नाहीतर त्याला दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जावं लागणार होतं. त्यातून सवड काढून काकाने माझं कपाट करायला घेतलं, ते पुतणीसारख्या पोरीच्या शब्दासाठी.

"कसली पायजेत कपाट?" त्याने विचारलं.

"पाणी आत जाता कामा नये," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, दमट हवा.

"मग बराबर मानसाकडं आलाव, जावयबापू."

त्याने कपाट केलं ते असं, की फळ्यांच्या प्रत्येक सांध्यात कापूस ठोकला, वरून राळ आणि तेल चोपडलं. पाठ जाड, बुडाकडे जरा गोलाई. दारं इतकी घट्ट की लावताना खांदा टेकवावा लागे. घरात आणल्यावर आठवडाभर माशांच्या बाजाराचा आणि देवळाचा मिळून एक वास घरभर पसरला. मला ते कपाट इतकं आवडलं की त्या माणसाला ठरलेल्याहून जास्त काही द्यावं असं मनापासून वाटलं.

आणि इथे माझं शिक्षण आडवं आलं.

मुंबईत असताना मी एका इराण्याच्या हॉटेलात रोज चहा प्यायचो. तिथली सभ्य गिऱ्हाइकं उठताना बशीखाली नाणं सरकवून जायची. न बोलता, न पाहता. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, देणाऱ्याला मोठेपणा मिरवावा लागत नाही, हे मला त्या वयात फार थोर वाटलं होतं. काका हिशेबाला घरी आला, अर्धा चहा प्याला, पानाला चुना लावायला ओसरीवर गेला, तेवढ्यात मी त्याच्या बशीखाली एक कोरी नोट सरकवली आणि पुस्तक उघडून बसलो. पुस्तक उलटं होतं, हे बायकोने नंतर सांगितलं.

काका परत आला. उरलेला चहा ओतून घ्यायला बशी उचलली. नोट पाहिली. ती त्याने पुन्हा तिथेच ठेवली, बशी बरोबर तिच्यावर पालथी घातली, आणि ओसरी उतरून निघून गेला.

"लाजला असेल," मी म्हणालो.

बायको चुलीपाशी होती. ती बाहेर आली, बशी उचलली आणि नोट हातात घेतली.

"अवं, काय केलंत ह्ये?"

"का? चांगलं काम झालं म्हणून दिले."

"चांगल्या कामाचं असं देतान?"

मग तिने मला जे सांगितलं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. होडी बांधून झाली की ती पाण्यात ढकलतात. मालक आत उतरतो, तळाला हात लावतो आणि कोरडा हात काठावरच्या सगळ्यांना दाखवतो. मग नारळ, रुमाल आणि टोपी देऊन सुताराचा मान होतो. सगळ्या गावासमोर, मोठ्याने. पण होडी गळकी निघाली, तर मालक गाव गोळा करत नाही. तो सुताराच्या हातात गुपचूप वरचे पैसे कोंबतो, म्हणजे सुताराने मुकाट्याने गळती बुजवून द्यावी आणि त्याची अब्रूही राहावी.

"गुपचूप दिलं म्हंजे काम फसलं," ती म्हणाली. "तुमी काकाला बोललाव, तुजं कपाट गलतंय."

दुसऱ्या दिवशी काका मांडवात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची कंबर दुखत होती म्हणे. संध्याकाळी मात्र तो धक्क्यावर बसून खुशाल जाळ्याची दोरी वळताना दिसला. मेहुणा माझ्याकडे आला. दांडगा, हसरा माणूस. त्या दिवशी हसत नव्हता.

"भावजी, तुमी शिकलेली मानसां. आमी तुमाना काय बोलनार? पर माजी होरी अरधी उभी हाय. तलाची नाल बसलीय, बाजू उघड्या. पुनव तोंडावर आलीय. काका बोलतंय, ज्याचं काम गलतं त्याच्याकडून कनाला होरी बांधून घेताव?"

मी लगेच उपाय केला. शिकलेला माणूस करतो तो. काकांना क्षमेचं पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. त्यात श्रमाची प्रतिष्ठा होती, कलेचा आदर होता. ते घेऊन मी निघालो तेव्हा बायकोने दारात अडवलं.

"काकाला वाचता येतं?"

मी परत आत आलो. काकाला वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या गावच्या शाळामास्तराच्या ध्यानात आली नव्हती.

मग तीच गेली. तासाभराने आली ती पदराला तोंड पुसत. हसत होती की रडत होती, मला नीट कळलं नाही. काका मान घ्यायला तयार होता. पण रीतीने. जे पाण्यात गेलं नाही त्याचा मान तो आयुष्यात कधी घेत नव्हता.

"म्हणजे?"

"कपाट खाडीत घालायचं."

मी चष्मा पुसला.

"ठीक," मी म्हणालो. "पाणीच शिंपडायचं ना?"

"शिंपडायचं नाय. तरंगवायचं. आनी भरून. काका बोलला, रिकामं कुनाचं बी तरंगतंय."

त्या रात्री मला झोप आली नाही. मेहुण्याचा हंगाम एका बाजूला आणि माझी पुस्तकं दुसऱ्या बाजूला, असा तराजू मी मनात धरून पडलो होतो. आणि सांगायला लाज वाटते, तो बराच वेळ हलत राहिला. सकाळी मी कपाटात भरायला पुस्तकं काढली. अध्यापनशास्त्राची, जुन्या क्रमिक पुस्तकांची चळत, एक रेल्वेचं वेळापत्रक. बायको कंबरेवर हात ठेवून बघत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण कोणतं पुस्तक मी उशाशी घेतो, कोणाची पानं मी धुतल्या हाताने उलटतो, हे तिला पाठ होतं. तिने मी काढलेली सगळी पुस्तकं बाहेर ठेवली आणि ती दुसरी आत भरली.

"ही नको," मी म्हणालो.

"मग मान कशाचा करताव?" ती म्हणाली. "भिजली तरी चालतील ती घातलीत, तर काका काय आंधला हाय?"

भरतीच्या वेळी पावसाने उघडीप दिली. मेहुण्याने आणि त्याच्या दोस्तांनी कपाट आडवं करून खांद्यावर घेतलं. त्यामागे बायको, तिच्यामागे गाव. मी नारळ, रुमाल आणि लाल टोपी तांब्याच्या ताटात घेऊन चाललो होतो. समोरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणाची तरी वरात आहे. मागून पाहणाऱ्याला काय वाटलं असतं ते लिहीत नाही.

"मास्तर, अंदर कोन हाय?" एका म्हातारीने विचारलंच.

"माझी पुस्तकं."

"मेली काय?"

काका धक्क्यावर हाताची घडी घालून उभा होता. कंबर उत्तम दिसत होती. कपाट पाण्यात पाठीवर टेकलं, जरा बुडलं, आणि मग ते उचललं गेलं. संथ, जड, तरंगायला लागलं. एका अंगाला किंचित कलून. काठावरून ओरडा झाला. काका ओरडला नाही, फक्त नाकपुड्या फुगवल्या.

"हात घाला," त्याने मला हुकूम केला.

मी छातीभर पाण्यात उतरलो. बायको लुगड्याचा काष्टा घट्ट करून पलीकडून उतरली आणि तिने कपाटाची दुसरी कड धरली. मी दार उघडलं, पुस्तकांच्या खाली, अगदी तळाशी हात सरकवला. तिथे लाकूड कोरडं, उबदार होतं. मी हात वर करून दाखवला. तो माझ्याच अंगावरच्या पाण्याने ओला होता, हे माझ्या लक्षात आलं, लोकांच्याही आलं.

"दुसरा दाखवा!" मेहुणा कळवळून ओरडला.

दुसराही ओला होता. तेव्हा बायकोने आतलं एक पुस्तक काढून, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, फडाफड पानं उडवली. कोरडी पानं वाजतात तशी ती वाजली. गावाने कबूल केलं.

आता बोलायचं होतं. मी पाण्यातूनच ताट मागवून घेतलं आणि पत्रात लिहिलेलं सगळं तोंडी सुरू केलं. श्रमाच्या प्रतिष्ठेपर्यंत आलो असेन, काका म्हणाला, "जावयबापू, शाला उद्याला. कपाट कोरडं हाय का नाय, येवढं बोला."

"कोरडं आहे!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही. "काकांचं काम कोरडं आहे!"

त्याने वाकून नारळ घेतला. टोपी घातली, रुमाल खांद्यावर टाकला. मग कपाटाकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाला, "डाव्या अंगाची पुस्तकां भारी हायत. कललंय त्याच्यानं. माजा दोष नाय." आणि सरळ मांडवाकडे चालू लागला.

मेहुणा धावत त्याच्या मागे गेला, दोस्त मेहुण्याच्या मागे, आणि काम सुरू होतंय का ते पाहायला सगळं गाव त्यांच्या मागे. थोड्या वेळाने मांडवातून लाकूड तासायचा वाकस फळीवर पडल्याचा ठक्क आवाज आला. मग दुसरा. मग ओळीने येऊ लागले.

खाडीत कपाट, मी आणि ती, एवढेच राहिलो. भरती संपून पाणी मागे सरू लागलं होतं, आणि कपाटही त्याबरोबर हळूहळू निघालं होतं. ते दोघांच्याने उचलण्यासारखं नव्हतं. तिला हसू आवरेना.

"नीट धरा," ती म्हणाली. "माजी बाजू मी धरलीय."

"कुणाला तरी हाक मार ना."

तिने मांडवाकडे कान दिला. वाकस चालू होता. हाक मारली असती तर भाऊ आला असता, माणसं आली असती, काकाही बघायला आला असता, आणि काम थांबलं असतं. तिने नाही म्हणून मान हलवली. आम्ही दोघं आपापली कड धरून तसेच पाण्यात उभे राहिलो.